इंग्रजी मोरी

“बाबल्या, ती गोरी बाय काय म्हणता रे?”

जाळी ठेवायच्या मांगरातल्या काळोखातून प्रश्न आला आणि मी हातातली जाळं विणायची सुई टीव्हीच्या काचेवर टेकवली. काचेच्या आत एक बाई वाळूत उभी राहून घोवावर ओरडत होती. घोव अर्धी चड्डी घालून पाण्याकडे निघाला होता.

“ती म्हणता,” मी खाकरून सांगितलं, “घरात गणपती बसललो, सोवळ्याचो सैपाक पडललो, नि तुका मेल्या आत्ताच न्हावचा सुचला? नारळ कोण सोलतलो, तुजो बापूस?”

मांगर हसला. बायकांच्या बाजूला हसण्याची लाट उठली ती पार दारापर्यंत गेली. मी उपड्या डाल्यावर नीट मांडी घालून बसलो. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

झालं होतं ते असं. चतुर्थीला मुंबईहून आलेल्या गुणाजी पराडकराने टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला होता. बरोबर दोन कॅसेटी. एक देवाची, ती पहिल्याच दिवशी बघून झाली. दुसरी इंग्रजी. तिच्या खोक्यावर जबडा फाकलेला मासा होता. शार्क म्हणे. आमच्या वाडीत त्याला मोरी म्हणतात आणि भाकरीबरोबर खातात. गणपतीत दर्यावर कोणी जात नाही, मासळी शिजत नाही, तेव्हा निदान बघायला तरी मिळेल, एवढ्याच आशेने सगळी वाडी भर दुपारी सोसायटीच्या मांगरात, जाळ्यांच्या ढिगांवर येऊन बसली होती. खिडक्यांना जुनी शिडं बांधून काळोख केला होता. पण इंग्रजी कोणाला कळणार? तेव्हा कोणीतरी म्हणालं, बाबलो कोयंडे सांगतलो, तो मुंबैच्या गोदयेत होतो.

माझं इंग्रजी म्हणाल तर यस, नो आणि गोदीतल्या मुकादमाने दिलेल्या चार शिव्या. पण मी कधी कुठल्या गोष्टीला नाही म्हटलेलं नाही. ज्या माणसाने देवमाशाच्या पाठीवर चूल मांडून भात शिजवल्याचं सांगितलंय, आणि तो भात खालून लागला म्हणून देवमासा उठला हेही सांगितलंय, त्याला एक गोरी बाई काय जड?

मोरी पहिल्यांदा दिसली तेव्हा लहान पोरं किंचाळली. मोठ्यांनी मात्र हिशेब सुरू केला.

“ह्या मोरयेचा मटण सगळ्या वाडयेक तीन दिस पुरात.”

“मसालो किती लागतलो, ता सांग आधी.”

“ही मोरी नाय,” धोंडू तांडेल मागून म्हणाला. पन्नास वर्षं दर्यावर काढलेला माणूस. “मोरयेचो डोळो असो नसता. ही रबराची असा.”

“रबराची तर रबराची. तू गप ऱ्हव. बाबल्या, ही मोरी काय म्हणता?”

“ती म्हणता, धोंडू तांडेल खंय बसलो हा? तो सोडून बाकीच्यांका खातंय, तेचा मांस लय वातड.”

दार किलकिलं झालं आणि भामावयनी आत आली. दाराजवळच, जाळ्याच्या एका गुंडाळीवर बसली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. बायकांनी सरकून तिला जागा दिली. देताना एकमेकींकडे पाहिलं, ते मला उजेडाच्या पट्ट्यात दिसलं.

भामावयनी म्हणजे भिको जोगीची बायको. भिको माझा जोडीदार. नऊ वर्षांपूर्वी, शिमग्यानंतर, आम्ही दोघे गरीने मासे मारायला होडी घेऊन बाहेर गेलो होतो. वारा फिरला, होडी उलटली. तिसऱ्या दिवशी गोव्याच्या एका ट्रॉलरने मला उचलून आणलं. एकट्याला. भिकोला त्याआधीच एका मोठ्या आगबोटीने घेतलं, वरून दोरी सोडली, तो चढला, माझी पाळी यायच्या आत बोट सुटली, हे मीच वाडीला सांगितलं होतं. वाडीने एकमेकांकडे बघून मान डोलावली. बाबलो सांगतो म्हटल्यावर जेवढी डोलवायची तेवढीच. एक भामावयनी सोडून. तेव्हा तेवीस वर्षांची होती ती. तिने माझा शब्द न् शब्द खरा मानला. दर वर्षी दोन-चारदा अंगणात येऊन उभी राहायची. “बाबल भावजी, काय कळला?” आणि मला काहीतरी कळलेलं असायचं. माझं तोंड माझ्याही पुढे धावतं.

असो. पिक्चर पुढे चालला होता.

अर्ध्यावर बोट फुटली. कशी फुटली ते मी फार रंगवून सांगितलं. मग पडद्यावर एकदम शांत झालं. वाजंत्री बंद. सगळीकडे पाणी, वर ऊन, आणि एका फळीला धरून दोघे जण. एक दाढीवाला, एक पिवळ्या सदऱ्यातला पोरगेलासा. पाण्यावर त्यांची फक्त डोकी. पाय खाली, आपल्याला न दिसणारे. मोरी कुठेच नव्हती. ती नव्हती म्हणूनच मांगरात कोणी हलेना. रबराची म्हणणारा धोंडूही पुढे वाकून बसला होता.

पिवळा सदरा काहीतरी बोलला. दाढीवाल्याने उत्तर दिलं नाही.

“बाबल्या,” गुणाजी हळूच म्हणाला, “काय बोलतत?”

मी तोंड उघडलं. एक चांगला विनोद तयार होता. तो आलाच नाही.

“तो म्हणता,” मी म्हटलं, “बाबल्या, माझ्या पायाकडला पाणी ऊन कित्याक लागता रे?”

कोणीतरी फिसकन् हसलं. “गोऱ्याक बाबल्याचा नाव कसा ठावक?”

“दुसरो म्हणता, दर्यात असे ऊन पाण्याचे पट्टे असतत. पयलो म्हणता, खाली वाकून बघ. दुसरो बघता. म्हणता, काय नाय. पाय असत तुजे. दोनय असत.”

पडद्यावर पिवळा सदरा बोलतच होता. त्याच्या ओठांकडे मी बघत होतो की नव्हतो, आठवत नाही. सुई माझ्या हातातून कधी पडली तेही आठवत नाही.

“तो म्हणता, घराकडे कोंबडी बसयलली असा. तेरा अंडी. मधला मोठा अंडा असा ना, ता बदकाचा. मीच घातलंय, गंमत म्हणान. तिका ठावक नाय. ता फुटाक आठवडोभर जास्त लागता. तिका सांग, फेकू नको. तिका सांग हां, बाबल्या.”

मांगर फुटला. तसा हशा त्या चतुर्थीला दुसऱ्यांदा झाला नाही. गोऱ्याच्या घरी खुडूक कोंबडी! बदकाचं अंडं! माणसं एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होती, आणि तेवढ्यात पडद्यावर पिवळा सदरा एक झटका बसून पाण्याखाली गेला, तो कोणी पाहिलाही नाही. पोरं किंचाळली तेव्हा मोठे अजून डोळे पुसत होते.

भामावयनी उठली. तिने मांगराचं दार सताड उघडलं आणि गेली. बाहेरचं ऊन थेट काचेवर आलं. चित्र पुसून गेलं.

“दार लाव गे कोणीतरी!” सगळे ओरडले.

दार लावायला म्हणून मीच उठलो. लावलं ते बाहेरून.

लगेच तिच्याकडे गेलो नाही. तासभर पुळणीवर होडीच्या सावलीत बसून राहिलो. उन्हं कलल्यावर गेलो. ती ओटीवर बसली होती. पुढ्यात पाच नवी सुपं मांडलेली, त्यांत पानं, फळं, सुपारी, हळदीचं कापड. दुसऱ्या दिवशी गौरीचा ओवसा होता. घोवाला आयुष्य मिळावं म्हणून सवाष्णी सुपं भरतात, तो. नऊ वर्षांत तिने एकदाही चुकवला नव्हता.

“बसा,” ती म्हणाली.

मी पायरीवर बसलो. “वयनी, ती आगबोट...”

“बोटीचा रंग सांगू नकात.” ती सुपातली पानं सारखी करत होती. “पयल्या वर्सा बोट काळी होती. तिसऱ्या वर्सा तिका तांबडो पट्टो इलो. पाचव्या वर्सा तुमी म्हटल्यात, तो मोंबासाक खानसामो झालो. तेका चाय करूक येय नाय, भावजी. दूध उतू घालवी. तरी मी म्हटलंय, शिकलो असात.”

तिने दुसरं सूप पुढ्यात ओढलं.

“बोटीर चढणारो माणूस अंड्याचो निरोप धाडता? तो तर सोताच येवचो होतो.”

“नाय धाडणा,” मी म्हटलं.

“ता अंडा फुटला नाय. बाकीची बारा फुटली. चार दिस वाट बघलंय. कुसला म्हणान उकिरड्यार टाकलंय.” तिने एक सुपारी उचलली आणि त्याच जागी परत ठेवली. “आत पिल्लू होता. हलत होता. कोंबडयेच्या अंड्यात बदकाचा पिल्लू कसा, माका कळला नाय. नऊ वर्सां कळला नाय. आज कळला. आता तुमी सांगा.”

मी सांगितलं. आयुष्यात एवढी लहान गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. होडी उलटल्यावर दोन दिवस आम्ही तिच्या पाठीला धरून होतो. मोरी मोठी नव्हती, आपण बाजारात तुकडे करून विकतो तेवढी. एकदाच आली. त्याला दुखलं नाही. दुपारपर्यंत बोलत होता. मग त्याला झोप येऊ लागली. मी माझं धोतर सोडून त्याला होडीच्या वल्ह्याला बांधून घेतलं. उन्हं उतरताना पाण्यावर आणखी मोऱ्यांची पाठीवरची पाखं दिसायला लागली. चार, मग सहा. रक्तावर येतात ती.

“मगे?”

“गाठ सोडलंय.”

“तेव्हा तो गेललो?”

“गेललो.”

“बाबल भावजी.”

“गेललो गे. हाक मारलंय, बोललो नाय. माका वाटला, गेललो.”

ती सुपावरचा हात काढून माझ्याकडे वळली. शिव्या देईल असं वाटलं. आगबोट कशाला उभी केलीत म्हणून विचारील असं वाटलं. ट्रॉलरमधून उतरलो तेव्हा ती पाण्यात कमरेपर्यंत उभी होती आणि माझ्या मागे कोण उतरतंय ते बघत होती, एवढंच माझं उत्तर.

पण तिने विचारलं ते भलतंच.

“म्हणजे औंदाचो धरून नऊ म्हाळ झाले.”

“काय?”

“पितृपक्ष. सगळ्यांच्या घरात गेललेल्यांका पान वाढतत. मी नाय वाढूक. जित्या माणसाक कोण वाढता?” तिने दाराकडे मान वळवली. “आठ वर्सां सगळ्यांचे येवन जेवन गेले. तो दारात उभो ऱ्हवलो असतलो. आणि मी आत ओवसो भरी होतंय. माजो घोव नऊ वर्सां उपाशी असा, भावजी. तुमी तेका जितो ठेवल्यात नि मी तेका उपाशी मारलंय.”

समोरच्या घरात आरती सुरू झाली. झांजा वाजू लागल्या. तिने पाचही सुपं एकात एक न घालता, तशीच भरलेली, एकेक करून माझ्याकडे सरकवली.

“ही तुमच्या बायलेक द्या. तिचो घोव जितो असा.”

दोन खेपा केल्या मी. भर वाटेवरून, डोक्यावर ओवशाची सुपं घेऊन. आरतीला जमलेल्या मंडळींनी ओट्यावरून आरोळ्या ठोकल्या, “बाबलो ओवसो भरता रे! बाबल्या, घोव कोण तुजो? ती मोरी काय?” एरवी मी दहा उत्तरं दिली असती.

पुढचं मला वाटलं होतं तितकं सोपं गेलं नाही. गणपती गेल्यावर भामावयनी मला घेऊन भटजींकडे गेली. माझ्या घोवाचा म्हाळ घालायचा आहे, म्हणाली. भटजी भला माणूस, पण शास्त्राला धरून चालणारा. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, मगच तो पितर. आत्ता नऊच झालीत.

“तो मेलो असा. ह्येंनी बघल्यानी.”

भटजींनी माझ्याकडे बघितलं. ओटीवर चार माणसं बसली होती, त्यांनीही बघितलं. गुणाजी होता त्यांत, परतीच्या गाडीची वाट बघत, आणि धोंडू तांडेलही.

“कसा मेला?” भटजींनी विचारलं.

“मोरयेन चावल्यान,” मी म्हटलं. “दोगे होतो होडयेक धरून. तेचो पाय...”

माझं वाक्य पुरं झालं नाही. आधी गुणाजी हसला, मग बाकीचे. भटजींनी उपरणं तोंडाला लावलं.

“बाबल्या, अरे, दहा दिस तरी होऊदे होते पिक्चराक!”

“आणि ती आगबोट बुडवलंस काय?”

“मोंबासाचो खानसामो मोरयेन खाल्लो रे!”

मी शपथ घेतली. रामेश्वराची घेतली, आईची घेतली. देवमाशाच्या वेळीही मी ह्याच शपथा घेतल्या होत्या. जितका मी घसा ताणून सांगू तितके ते लोळत होते. मी रडू लागलो तेव्हा तर धोंडू तांडेल म्हणाला, “नाटकात घेवक होया ह्येका.” भामावयनी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला, सगळ्यांदेखत, आणि ओढत मला तिथून बाहेर काढलं.

“चला. भट नको नि कोण नको. तुमी चौथीच्या दिवशी या.”

तिचा दीर रागावला, माहेरची माणसं रागावली. जिवंत माणसाचं पान वाढतेस, त्याला आयुष्य उणं करतेस, म्हणाले. वाडी बारा वर्षं भरायची वाट बघत बसली. ती बसली नाही.

पितृपक्षातल्या चौथीला, भिको गेला त्या तिथीला, दुपारी मी गेलो. आमच्यात गेलेल्याच्या जागी एक माणूस जेवायला बसवतात. पाट मांडला होता. केळीचं पान, त्यावर भात, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. घरात दोघंच. तिच्या कपाळावर काही नव्हतं.

“हात धुवा. बसा.”

मी बसलो. तिने पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि म्हणाली, “जेवा. ह्या पयल्या वर्साचा.”

मी जेवलो. पान रिकामं झालं तशी तिने ते उचललं आणि दुसरं मांडलं. भात, सांबारं, वडे, भाजी, खीर.

“ह्या दुसऱ्या वर्साचा.”

मी वर बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. चुलीपाशी सात पानं पुसून रचून ठेवलेली मला दिसली.

मी खादाड म्हणून प्रसिद्ध आहे. पैजेवर चाळीस भाकऱ्या खाल्ल्याचं मी सांगत असतो. खऱ्या आठ. पण त्या दुपारी मी खाल्लं ते मी कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर ती माझी सगळ्यांत मोठी थाप ठरली असती. चौथ्या वर्षी मला घाम फुटला. पाचव्याला घास गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. सहाव्याला ती वाढता वाढता थांबली, पण बस म्हणाली नाही. मीही पुरे म्हटलं नाही. दारातल्या उन्हात माशा घोंघावत होत्या. सातव्या वर्षाचा वडा मी पाण्याबरोबर गिळला. आठव्याला ती माझ्यासमोर बसली आणि पंख्याने वारा घालू लागली, जेवणाऱ्या घोवाला घालतात तसा.

“ह्या ह्या वर्साचा,” ती म्हणाली. नववं पान.

ते मी कसं संपवलं ते भिकोला माहीत. शेवटचा खिरीचा घास राहिला तेव्हा हात वर उचलेना. ती वाट बघत होती. तोही गेला.

तिने पंखा खाली ठेवला. माझ्याकडे बघत नव्हती ती. माझ्या खांद्याच्या जरा वरून, दाराच्या बाजूला बघत होती.

“भरला पोट?” तिने विचारलं.

तो प्रश्न मला नव्हता. पण घरात दुसरं उत्तर देणारं कोणी नव्हतं. भिको जेवून उठताना काय म्हणायचा ते मला ठाऊक होतं. दहा वर्षं एका होडीत त्याच्या डब्यातलं खाल्लं होतं.

“भरला गो,” मी म्हटलं. “आता वायच निजतंय.”

तिने डोळ्यांना पदर लावला.

“निजा,” ती म्हणाली.